उरलेले बोल्ट आणि एक हरवलेला वायसर

इंजिन उघडायला मला कोणी बोलवत नाही. ते लोक आपलं आपण उघडतात. शनिवारी सकाळी उठतात, व्हिडिओ बघतात, गॅरेजचं दार वर करतात आणि लागतात खोलायला. मला फोन येतो तो रविवारी दुपारी. आवाजावरूनच कळतं की पलीकडच्या माणसाच्या तळहातावर काहीतरी उरलेलं आहे.

"काकू, एक बोल्ट एक्स्ट्रा आहे."

"एक्स्ट्रा नसतो रे बाबा. कंपनीवाले काय प्रेमाने जास्तीचे घालून पाठवतात?"

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकीणबाई यंदा हात धुऊन माझ्या मागे लागल्या की कामाबद्दल लिहाच. वर बजावलं, "जन्म, शाळा, नोकऱ्या असलं ओळीने नको हं, लोक पान उलटतात." बरं बाई, नको. तरी दोन वाक्यांत सांगते, नाहीतर ही कोण टिकोजीराव म्हणाल. पिंपरीच्या एका दुचाकीच्या कारखान्यात मी इंजिन जोडणीच्या लाइनवर होते. मग आमच्या ह्यांना इथे, पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, फार्मसीत काम मिळालं आणि मी हेन्डरसन भागातल्या एका मोटरसायकल वर्कशॉपमध्ये लागले, ती निवृत्त होईपर्यंत तिथेच. आता गुडघे कुरकुरतात म्हणून वर्कशॉप सोडलं, पण लोकांच्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसून हात चालवायला गुडघे लागत नाहीत.

एक खंत मात्र आहे, ती आधीच सांगून टाकते. लाइनवर मी इतकी इंजिनं जोडली, पण त्यातलं एकही सुरू झालेलं ऐकलं नाही. माझ्यापुढून इंजिन पुढे सरकायचं आणि दुसऱ्या शेडमध्ये जायचं. तिथे ते फुरफुरायचं म्हणे. मुलीला सासरी पाठवली आणि पत्र नाही, असा प्रकार. म्हणून आता माझी अट असते. काम झालं की पहिली किक मी तिथे उभी असतानाच मारायची. चहा नाही दिलात तरी चालेल.

आता थोडं धंद्यातलं. बाहेरच्यांना वाटतं, बोल्ट म्हणजे बोल्ट. इंजिनाच्या बाजूला एक झाकण असतं, तव्याएवढं. ते भोवतीने बोल्ट लावून बसवलेलं असतं. सगळ्या बोल्टांची डोकी सारखी, जाडी सारखी, पानाही एकच लागतो. लांबी मात्र वेगळी. कारण झाकण कुठे जाड असतं, कुठे पातळ. लांब बोल्ट आखूड भोकात घातलात तर तो तळाला टेकतो आणि झाकण सैलच राहतं. माणसाला वाटतं अजून आवळायला पाहिजे. तो जोर लावतो, आणि ॲल्युमिनियम टक् करून तडकतं. तो आवाज ज्याने ऐकला त्याला पुढे आठवडाभर जेवण गोड लागत नाही. उलट केलंत, आखूड बोल्ट लांब भोकात घातलात, तर तो जेमतेम दोन आट्यांवर लटकतो आणि आवळताना आटेच उपटून बाहेर आणतो.

म्हणजे प्रत्येक बोल्ट निघाला त्याच भोकात परत गेला पाहिजे. एवढंच. पण हे एवढंच लोकांना जमत नाही. हेन्डरसनला केव्हिन नावाचा एक गडी होता, निवृत्त बसड्रायव्हर. दार उघडल्या उघडल्या इथल्या पद्धतीचा रामराम, "किया ओरा आंटी" म्हणाला आणि लोणच्याची रिकामी बरणी माझ्यापुढे धरली. अख्खं इंजिन त्या बरणीत! वर मलाच धीर देतो, "नथिंग लॉस्ट, आंटी. इट्स ऑल इन देअर." मी म्हटलं, अरे, भेळेतपण सगळं असतं, म्हणून त्यातून परत चिंच काढून दाखव बघू. त्याला भेळ कळली नाही, पण माझा चेहरा कळला.

तेव्हापासून मी सगळ्यांना पुठ्ठ्याची युक्ती सांगते. पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढायचा, जिथे बोल्ट आहे तिथे भोक पाडायचं, आणि निघालेला बोल्ट तिथेच खोचायचा. मग तुम्ही महिनाभर गावाला जाऊन आलात तरी बिघडत नाही. मंडळाच्या गणपतीत एकदा मी हे स्टेजवर करूनही दाखवलं. लोक हसले, पण चार-पाच जणांनी फोनवर फोटो काढले. त्यांतला एक अजित.

अजित शहराच्या उत्तरेला, अल्बनीला राहतो. आयटीत आहे, त्याची बायको नेहा तिथल्याच एका दवाखान्यात नर्स. त्याचे वडील, अण्णा, मिरजेहून आले होते. अण्णा गुरांचे डॉक्टर. सगळी नोकरी त्यांनी शंभर सीसीच्या एका मोटरसायकलवर काढली. गावोगाव, गाई अडलेल्या, म्हशी फुगलेल्या, मागे बॅग बांधलेली आणि टाकीवर सुट्टीत लहानगा अजित बसलेला. ती गाडी अजितने हट्टाने कंटेनरमधून इथे आणवली. इथल्या नियमात बसवता बसवता त्याच्या नाकी नऊ आले. आणि आली तर काय, किक मारली की नुसता धूर, मग तेही नाही. अजितने ठरवलं, अण्णा परत जायच्या आत आपण स्वतः इंजिन करायचं आणि अण्णांना त्यावर बसवायचं. अण्णा आता पंचाहत्तरीच्या पुढे. पुन्हा एवढा प्रवास करतील की नाही कोण जाणे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, बोलत कोणी नव्हतं.

मला फोन आला तो खंडेनवमीच्या सकाळी. अण्णांचं विमान दसऱ्याच्या संध्याकाळचं.

"काकू, प्लीज याल का? आत्ता. मी पुठ्ठा केला होता हो, तुम्ही सांगितलात तसा. पण..."

"पण काय?"

"या तर खरं."

इथे माझी एक अडचण. खंडेनवमीला मी पान्याला हात लावत नाही. त्या दिवशी हत्यारांची पूजा करायची, त्यांना विश्रांती द्यायची, ही आमच्या लाइनवरची पद्धत, ती मी इथेही सोडली नाही. आमच्या वर्कशॉपचा मालक टोनी सुरुवातीला चक्रावला, मग त्यानेच भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवशी फुली मारून खाली लिहायला सुरुवात केली, 'नो स्पॅनर डे'. मी अजितला म्हटलं, "येते, पण आज फक्त बोटांनी. आवळायचं उद्या." तो म्हणाला, काहीही चालेल.

अल्बनीला पोचले तर वारा असा सुटलेला की साडीचा पदर गाडीच्या दारातच अडकला. इथला दसरा वसंतात येतो आणि थंडी अजून गेलेली नसते. नेहाने दार उघडलं. हॉलमध्ये पाटावर पूजा मांडलेली होती. सुपारीचा गणपती, त्यावर जास्वंदीचं फूल, पुढे सुरी, कात्री, अजितचा लॅपटॉप, नेहाचा स्टेथोस्कोप, सगळ्यांना हळदीकुंकू. मी नमस्कार केला. कोपऱ्यात खुर्चीवर अण्णा बसले होते, दोन्ही हात मांडीवर. मला बघून उठले, नमस्कार केला, परत बसले.

"पूजा सुंदर मांडलीत अण्णा. पण पाने कुठायत? गॅरेजमधले?"

"ते माझे नाहीत," अण्णा म्हणाले. आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

मी नेहाकडे बघितलं. ती मला चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. झालं असं, की अण्णांनी दसऱ्याची साफसफाई काढली. गॅरेजमध्ये गेले तर त्यांना पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तेलकट बोल्ट खोचलेले दिसले. अण्णा पडले डॉक्टर. ऑपरेशन झालं की अवजारं धुवायची, उकळायची, लांबीप्रमाणे लावून ठेवायची, ही आयुष्यभराची सवय. त्यांनी सगळे बोल्ट काढले, साबणाने धुतले, उकळले...

"उकळले?"

"माझ्या दुधाच्या पातेल्यात, काकू."

...कोरडे केले, आणि नेहाच्या जुन्या मिसळणाच्या डब्यात वाटीवाटीने लावून ठेवले. सगळ्यात लांब ते मधल्या वाटीत. तो घाणेरडा पुठ्ठा फाडून पिवळ्या झाकणाच्या बिनमध्ये टाकला, आणि त्याच सकाळी कचऱ्याची गाडी येऊन बिन रिकामा करून गेली. अजित ऑफिसातून आला, गॅरेजमध्ये गेला, आणि घर हादरेल असा ओरडला. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं हात लावायला? कशालाच हात लावत जाऊ नका!"

"आणि अण्णांनी ते शब्दशः घेतलं," नेहा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "आठवडा झाला. झाडांना पाणी घालत नाहीत, कपड्यांच्या घड्या करत नाहीत. चहा स्वतः करायचे, आता विचारतात, चहा मिळेल का म्हणून. मुलाच्या घरात, काकू! आजची पूजापण मी पाया पडले म्हणून केली. अजितला मेल्याहून मेल्यासारखं झालंय, पण तोंडातून शब्द निघत नाही. त्याला वाटतं गाडी सुरू झाली की सगळं आपोआप ठीक होईल."

"होत नसतं तसं," मी म्हटलं. पण मनात म्हटलं, सुरू तर करू आधी.

गॅरेजमध्ये अजित इंजिनासमोर उभा होता, चेहरा असा की परीक्षेचा पेपर कोरा राहिलाय. मी स्टूल ओढलं, डबा उघडला. काय सांगू तुम्हाला, बोल्ट असे लखलखत होते! नवरीच्या दागिन्यांसारखे. एरवी मी बोल्टावरच्या मळावरून ओळखते, कोण खाली तेलाजवळ होता आणि कोण वर धुळीत. अण्णांनी सगळ्या खाणाखुणा उकळून टाकल्या होत्या. क्षणभर मला त्यांचा रागच आला. पण इतकी नीट लावलेली हत्यारं मी टोनीच्या वर्कशॉपमध्येही बघितली नव्हती.

"जमेल, काकू?"

"न जमायला काय झालं? झाकण ठेव जागेवर."

हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण हे कुठल्याही गॅरेजमध्ये उपयोगी पडेल. झाकण जागेवर ठेवायचं. मग भोकात बोल्ट नुसता सोडायचा. फिरवायचा नाही, आवळायचा नाही, नुसता सोडायचा. तो आट्यांपाशी जाऊन थांबतो आणि थोडा वर उभा राहतो. जेवढा वर उभा, तेवढाच तो आत आट्यांमध्ये जाणार. बनवणाऱ्याने प्रत्येक बोल्टाला धरायला सारखीच जागा दिलेली असते. म्हणजे बरोबर बोल्ट बरोबर भोकात असतील, तर सगळी डोकी एकाच उंचीवर उभी राहतात. माझ्या करंगळीच्या नखाएवढी. एखादं उंच दिसलं की तो लांब आहे, एखादं बुटकं दिसलं की आखूड. त्यांची अदलाबदल करायची. पाना लागत नाही, पुठ्ठा लागत नाही, व्हिडिओ तर अजिबात लागत नाही.

मी एकेक बोल्ट सोडत गेले. हा उंच. काढ. तो बुटका. काढ. अजित वाकून बघत होता, आणि हळूहळू तोच सांगायला लागला, "काकू, तो मागचा बघा, मान वर काढतोय." शेवटी मी गाल झाकणाला जवळजवळ टेकवून आडवी नजर टाकली. सगळी डोकी एका ओळीत. शाळेच्या कवायतीत उभी असतात तशी.

"झालं!" मी ओरडलेच. वयाला शोभत नाही, पण ओरडले. अजितने दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि खाली फरशीवर बसला. "माय गॉड, काकू. माय गॉड."

मी मनातून अशी खूश झाले होते, की पुढचं काम हातचा मळ वाटत होतं. इंजिनाच्या डोक्यावर, म्हणजे सगळ्यात वरच्या भागावर, चार नट. प्रत्येकाखाली एक चकती, वायसर. तीन लोखंडी आणि एक तांब्याची. तांब्याची का, तर त्या एका दांड्याच्या बाजूने तेल वर चढतं. तांबं मऊ असतं, दाबलं की चिकटून बसतं, तेल बाहेर येऊ देत नाही. मी डब्याच्या वाट्या चाचपल्या. एक लोखंडी, दोन, तीन. तांब्याची नाही.

"अजित, तांब्याचा वायसर?"

"होता का?"

"तू काढलास ना?"

"होता... हो, होता. लाल होता एक. मी ठेवला होता इथेच. बहुतेक."

बहुतेक! या शब्दाने जेवढी इंजिनं बिघडवली तेवढी गंजानेही नसतील. आम्ही सगळं गॅरेज पालथं घातलं. बाकाखाली, खोक्यांत, लॉनमोअरच्या मागे, अजितच्या चपलांत, इथल्या जँडल्समध्येसुद्धा बघितलं. नाही.

"काकू, सोडा ना. नवीन घेऊन येतो, इथे खाली पार्ट्सचं दुकान आहे."

"वायसरचा प्रश्नच नाहीये रे! माझ्या पेटीत चार पडलेत. प्रश्न हा आहे, की तो गेला कुठे?" मी त्याला हाताला धरून इंजिनाजवळ आणलं आणि बोट दाखवलं. डोकं काढलेल्या इंजिनाच्या कडेला एक उभा बोगदा असतो. त्यातून साखळी खाली जाते, पार पोटापर्यंत. "याचं तोंड तू फडक्याने झाकलं होतंस?"

त्याने आत्ता फडकं शोधायला सुरुवात केली.

आमच्या धंद्यातला नियम आहे. सापडत नसलेली वस्तू इंजिनाच्या पोटातच आहे असं धरायचं, जोपर्यंत ती बाहेर कुठे डोळ्यांनी दिसत नाही. लोखंड असतं तर लोहचुंबक दोऱ्याला बांधून सोडला असता. तांब्याला चुंबक धरत नाही. तशीच बंद करून गाडी सुरू केली आणि ती चकती खाली साखळीत सापडली, तर अण्णा बसलेले असताना मागचं चाक जागच्या जागी लॉक होणार. मी हे इंजिन बंद करणार नव्हते. पार तळापर्यंत खोलायचं तर उद्याचा अख्खा दिवस हवा, आणि उद्या संध्याकाळी विमान. हे सगळं मी अजितला सांगितलं. आढेवेढे न घेता सांगितलं, कारण गोड बोलून इंजिनं सुरू होत नाहीत.

त्याने हात पँटला पुसले. मग म्हणाला, "म्हणजे झालं ना. संपलं."

"संपलं कसं? एका माणसाला अजून विचारलंच नाहीयेस."

"कोणत्या तोंडाने विचारू, काकू?"

"आहे त्याच! दुसरं कुठून आणणार?" माझा आवाज चढला. "सकाळपासून बघतेय. तू इथे बोल्टांशी बोलतोस, ते तिथे खिडकीशी. गाडी सुरू करून त्यांना खूश करणार म्हणे! अरे, त्यांना गाडी नकोय. त्यांना तुझ्या घरात कपबशी उचलायची परवानगी हवीय. ऊठ!"

उठला. मी त्याच्यामागे गेले, पण हॉलच्या दारातच थांबले. अण्णा तसेच बसले होते. अजित त्यांच्यासमोर खाली गालिच्यावरच बसला. 

"अण्णा, चुकलं माझं. मी असं बोलायला नको होतं. फार वाईट बोललो."

अण्णांनी हात मांडीवरून उचलला, आणि परत ठेवला.

"अण्णा, इंजिन बंद करता येत नाहीये. एक वस्तू सापडत नाहीये आणि ती आत राहिली असेल अशी भीती आहे. तुम्हाला काही..."

"आत राहिली?" अण्णा ताडकन उठले. एवढ्या वयाचा माणूस असा उठलेला मी बघितला नव्हता. "अरे मग बंद कसं करणार? मोजणी पुरी झाल्याशिवाय टाके घालतात होय? एक कापसाचा बोळा राहिला तर जनावर जातं की रे! काय राहिलंय? नीट सांग."

"तांब्याची चकती. एवढीशी, मध्ये भोक."

अण्णा थबकले. त्यांनी अजितकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पाटाकडे.

"तांब्याची?" ते हळूच म्हणाले. "ती गाडीची होती?"

"हो!"

"मला वाटलं, लोखंडात तांबं कशाला असेल. नेहाच्या देवातलं काही पडलं असणार. म्हणून उकळून वेगळी ठेवली." त्यांनी घसा साफ केला. "तुमच्या इथल्या सुपाऱ्या गोल, बसत नाहीत. आज सकाळी गणपती दोनदा घरंगळला. म्हणून मी त्याला बैठक दिली."

मी पुढे झाले, पाटासमोर गुडघे टेकले, कुरकुरणारे गुडघे, आणि मान वाकडी करून फुलाखाली बघितलं. सुपारीच्या बुडाशी अक्षतांतून लालसर कड चमकत होती. आमचा हरवलेला वायसर! अख्खं गॅरेज आम्ही पालथं घालत होतो आणि गणपती त्यावर ऐसपैस बसला होता. मी सकाळी त्यालाच नमस्कार करून आत गेले होते!

पहिल्यांदा नेहा हसली. मग मला आवरेना. आणि मग अण्णा, खांदे गदागदा हलवून. अजित हसता हसता डोळे पुसत होता आणि त्याचं त्यालाच कळत नव्हतं की हे कशाचं पाणी.

"काढू का मग?" त्याने हात पुढे केला.

"हं हं!" अण्णांनी त्याच्या हातावर चापट मारली. "हात लावायचा नाही! उत्तरपूजा झाल्याशिवाय देव हलवतात काय?"

ती चापट बघून मला जो आनंद झाला, तो सगळी डोकी एका ओळीत आली त्याहून मोठा होता. खरं सांगते. आणि काढायची गरजही नव्हती. वायसर बाहेर आहे, एवढं कळणं पुरे होतं. गॅरेजमधून अजितने आपले सगळे पाने आणले आणि पाटावर लॅपटॉपच्या शेजारी ठेवले. अण्णांनी एकेकाला हळद-कुंकू लावलं, लांबीप्रमाणे लावून. दुपारचा चहा त्यांनीच केला. पाणचट होता, पण दोन कप प्याले.

दसऱ्याला सकाळी लवकर पोचले. अण्णांनी उत्तरपूजा केली, सुपारी उचलली आणि ती चकती माझ्या तळहातावर ठेवली, हळदीकुंकवासकट. तांब्याचा वायसर परत वापरायचा तर तो तापवून लाल करायचा आणि पाण्यात टाकायचा, म्हणजे पुन्हा मऊ पडतो. नेहाची शेगडी विजेची. म्हणून मागच्या डेकवर बार्बेक्यूचा गॅस पेटवला, आणि अण्णांनी चिमटा धरला. माझ्या हातात दिला नाही. "मला सवय आहे," म्हणाले. चकती लाल झाली, पाण्यात चुर्र वाजली. मग आम्ही डोकं बसवलं, नट आळीपाळीने आवळले, झाकण लावलं. आवळताना प्रत्येक बोल्ट मऊसूत आत जाऊन आपल्या जागी थांबला. एकही उरला नाही. अण्णांनी मिसळणाचा डबा उलटा करून दाखवला, रिकामा. मोजणी पुरी.

गाडी ड्राइव्हवेवर आणली. पहिल्या किका अजितने मारल्या. काही नाही. एक फुसका खोकला, बस. त्याला घाम फुटला. शेजारचा माणूस कुंपणावर कोपर टेकून बघायला लागला, म्हणजे अजूनच दडपण. 

"अण्णा, तुम्ही मारा," अजित म्हणाला.

अण्णांच्या पायात अजितच्या जँडल्स होत्या. ते आत गेले, आपले बूट घालून आले, नाड्या घट्ट बांधून. गाडीवर बसले, हँडलवर हात ठेवले, टाकीवर एकदा थोपटलं, गाईला थोपटतात तसं. आणि किक मारली.

भडभडभडभड!

काय तो आवाज! आधी निळा धूर, मग पातळ, मग काहीच नाही, नुसता तो एकसारखा ठोका. मी झाकणाला हात लावून बघितला. थेंब नाही तेलाचा, कुठेच नाही. कुंपणावरून शेजारी ओरडला, "स्वीट ॲज, मेट!" म्हणजे आपलं एकदम झकास, आणि अण्णा, ज्यांना इंग्रजी बोलायचा कंटाळा, ते त्याच्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "थँक यू, थँक यू! माय गाडी!"

त्यांचा ड्राइव्हवे चांगला लांबलचक, सगळा खाजगी. रस्त्यावर न्यायचं नव्हतं, लायसन्सचा प्रश्न. पण तेवढ्या ड्राइव्हवेवर अण्णांनी हेल्मेट घालून गाडी चालवली, आणि मागे अजित, त्यांच्या खांद्याला धरून, लांब पाय दोन्हीकडे लोंबकळत. खाली गेले, वळले, वर आले. पुन्हा गेले. मी आणि नेहा दाराशी उभ्या राहून टाळ्या वाजवत होतो. जोडलेली इतकी इंजिनं मी ऐकली नाहीत, त्या सगळ्यांचा आवाज मी त्या सकाळी या एकात ऐकून घेतला. निघताना अण्णांनी आपट्याचं पान नाही म्हणून अंगणातल्या झाडाचं एक पान माझ्या हातावर ठेवलं. "सोनं घ्या, वहिनी," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अजितचा फोन.

"गेले का रे नीट?"

"गेले. आत जाईपर्यंत सांगत होते, पेट्रोलचा कॉक बंद करत जा, पावसात ठेवू नको, अमुक करू नको. काकू, एक सांगू? निघायच्या आधी मी आंघोळीला गेलो होतो तेवढ्यात त्यांनी गॅरेज आवरलं. सगळं. झाडून, पुसून. आता मला माझा दहा नंबरचा पाना सापडत नाहीये."

मला हसू आलं. "लांबीप्रमाणे बघ. मिळेल कुठेतरी."

"सगळीकडे बघितलं."

"मग फोन करून विचार त्यांना."

"करणारच आहे," अजित म्हणाला. "घरी पोचले की लगेच. आणि काकू, त्याच्या आधी जर तो मला सापडला ना, तर मी परत ठेवून देणारेय."